कुठलं लिंबू?

तीन सेकंद. त्या ओळीत एवढंच होतं.

आमच्या पेमेंटच्या कोडमध्ये एके ठिकाणी लिहिलं होतं : समोरून वेळेत उत्तर आलं नाही तर तीन सेकंद थांब, मग व्यवहार झाला का ते विचार, झाला नसेल तर पुन्हा पाठव. त्यावर एक कॉमेंट होती, 'ही ओळ काढू नका'. का काढू नका, ते लिहिलेलं नव्हतं. ओळ लिहिणारा चार वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेला होता.

मी ती काढली. पेमेंटचं पान जलद करायचं काम माझ्याकडे होतं आणि काही न करता नुसतं थांबणारी ओळ मला निव्वळ मूर्खपणा वाटली. सगळ्या टेस्ट पास झाल्या. दोघांनी कोड तपासून हिरवी खूण दिली. मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं. पुढचे सात महिने सगळं सुरळीत चाललं.

मग दिवाळीच्या आधीचा आठवडा आला आणि काही लोकांच्या खात्यातून पैसे दोनदा गेले. रक्कम कुणाची छोटी होती, कुणाची घरभाड्याएवढी. परत मिळायला काही दिवस लागणार होते. एका बाईंनी लिहिलं होतं, 'मला उद्या मुलाची फी भरायची आहे, तुमचे काही दिवस म्हणजे नक्की किती?' तो मेल मी अजून डिलीट केलेला नाही.

चौकशी झाली, अहवाल आला. 'मानवी चूक. कॉमेंटकडे दुर्लक्ष.' खाली माझं नाव. उपाय : यापुढे प्रत्येक बदलाला दोनऐवजी तिघांची मंजुरी. बस. ती ओळ मुळात तिथे का होती, हा प्रश्न अख्ख्या अहवालात नव्हता.

रागारागात मी जुन्या माणसाला शोधून मेसेज केला. दहा मिनिटांत उत्तर आलं. समोरच्या बँकेची यंत्रणा पैसे घ्यायची, पण त्याची नोंद तिच्याकडे दिसायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढ्यात विचारलं तर ती 'असा व्यवहार नाही' म्हणायची, की आपण पुन्हा पाठवणार. एरवी नोंद चटकन व्हायची, म्हणून माझे सात महिने सुखात गेले. दिवाळीच्या गर्दीत ती मंदावली. मेसेजच्या शेवटी त्याने विचारलं होतं, 'अजून आहे का ती ओळ?'

त्या आठवड्यात मला एकच प्रश्न छळत होता. आम्ही सगळे बऱ्यापैकी हुशार लोक. आमच्याकडे उत्तरही होतं, दहा मिनिटांच्या अंतरावर. मग आम्ही सगळे मिळून एवढे मूर्ख कसे ठरलो? रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली, वर पढतमूर्खाची वेगळी सांगितली. पण ती एकेकट्या माणसाची. शहाण्यांची टोळी मूर्ख कशी होते, ते शोधताना मी पोहोचलो थेट समुद्रावर, स्कर्व्हीच्या गोष्टीपाशी.

*

स्कर्व्ही म्हणजे शरीरात 'क' जीवनसत्त्व न उरणं. त्याशिवाय शरीराला कोलॅजेन नीट बनवता येत नाही, आणि कोलॅजेन हे आपल्याला सांधून ठेवणारं द्रव्य आहे. ते बनेनासं झालं की हिरड्या सुजतात, दात हलतात, अंगावर काळेनिळे डाग उठतात, पायांतलं बळ जातं. शेवटी मृत्यू. १७४०मध्ये निघालेल्या कमोडोर ॲन्सनच्या जगप्रवासात या रोगाने शेकडो खलाशी गेले. सहा युद्धनौकांपैकी एकीनेच पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्या प्रवासाच्या वृत्तांतात एक म्हातारा आहे. पन्नास वर्षांपूर्वी, १६९०च्या लढाईत झालेली त्याची जखम कधीच भरून आली होती. स्कर्व्ही झाल्यावर ती पुन्हा उघडली. भरलेली जखमसुद्धा शरीर रोज थोडं थोडं काम करून मिटलेली ठेवत असतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

यावरचा इलाज लोकांना माहीत नव्हता असं नाही. ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर १६०१मध्ये निघाली, चार जहाजांची. त्यांचा प्रमुख जेम्स लँकेस्टर स्वतःच्या जहाजावर रोज सकाळी प्रत्येकाला तीन चमचे लिंबाचा रस द्यायचा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोहोचेपर्यंत बाकी तीन जहाजांवरची माणसं इतकी खंगली, की त्यांची जहाजं नांगरायला लँकेस्टरची माणसं धावली. कंपनीचा सर्जन जॉन वुडॉल याने १६१७मध्ये लिंबाच्या रसाची शिफारस पुस्तकात छापलीसुद्धा. म्हणजे उत्तर होतं, लिहिलेलंही होतं. तरी पुढची पावणेदोनशे वर्षं माणसं मरत राहिली.

१७४७मध्ये 'सॅलिसबरी' या युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या सर्जनने एक साधा प्रयोग केला. स्कर्व्हीचे बारा रोगी घेतले. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, जेवण सारखंच दिलं. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर, एकीला पातळ केलेलं गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एका जोडीला रोज दोन संत्री नि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली. पण तोवर फळं खाणाऱ्या दोघांपैकी एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता आणि दुसऱ्याला उरलेल्यांची शुश्रूषा करायला बसवलं होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही जवळजवळ ए-बी टेस्टच. निकाल एवढा लख्ख, की प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण लिंडने १७५३मध्ये चारशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला, त्यात हा प्रयोग मोजक्या परिच्छेदांत आटोपला, आणि रोगाचं मूळ मात्र दमट हवा नि अंगातला घाम कोंडणं यात शोधलं. रस टिकावा म्हणून त्याने तो तासन्‌तास मंद आचेवर आटवून पाक करायला सांगितलं. आता उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नष्ट होतं. ज्याने सगळ्यात चांगला प्रयोग केला, त्यानेच त्याचं फळ चुलीवर ठेवलं. त्या पाकाचा मात्र त्याने तसा प्रयोग करून पाहिला नाही.

*

अखेर ब्रिटिश आरमार शहाणं झालं, ते गिल्बर्ट ब्लेन या डॉक्टरमुळे. त्याच्याकडे लिंडकडे नसलेली एक गोष्ट होती : वरच्या वर्तुळात ओळख. १७९४मध्ये 'सफोक' ही नौका मद्रासकडे निघाली. तेवीस आठवडे ती कुठल्याही बंदराला लागली नाही. खलाशांना रोज लिंबाचा रस नि साखर दिली गेली. मद्रासला पोहोचली तेव्हा स्कर्व्हीने कोणी दगावलं नव्हतं. १७९५मध्ये ॲडमिरल्टीने लिंबाचा रस मान्य केला आणि काही वर्षांत तो सगळ्या आरमारात पोहोचला.

परिणाम बघा. पोर्ट्समथजवळच्या हासलर या आरमारी इस्पितळात १७८०मध्ये स्कर्व्हीचे १४५७ रोगी दाखल झाले होते. १८०६ येईपर्यंत हा आकडा एक-दोनवर आला. नेपोलियनशी युद्ध चालू असताना ब्रिटिश जहाजं फ्रान्सच्या बंदरांबाहेर महिनोन्‌महिने पहारा देऊ शकली, त्याचं एक कारण त्यांच्या पिंपांत होतं. रस यायचा भूमध्य समुद्राच्या आसपासहून, सिसिली नि माल्टाकडून. पिवळ्या, मोठ्या लिंबांचा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संस्थेला शहाणपण आलं, नियम झाला, माणसं वाचली. पण नीट पाहिलं तर या नियमात एक भोक होतं. रस द्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रसातलं नेमकं काय काम करतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेकांना वाटायचं, आंबटपणा.

*

पुढचा भाग कळण्यासाठी आधी आपली भाषा बाजूला ठेवावी लागेल. मराठीत आपण दोन वेगवेगळ्या फळांना सर्रास 'लिंबू' म्हणतो. एक भूमध्य समुद्राकाठचं मोठं, पिवळं, जाड सालीचं : इंग्रजीत लेमन. दुसरं आपण पोह्यांवर पिळतो ते छोटं, पातळ सालीचं कागदी लिंबू : लाइम. गंमत म्हणजे त्या काळी आरमाराच्या कागदांतही हीच गल्लत होती. लेमन नि लाइम हे शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरले जायचे.

१८६०च्या दशकात आरमाराने भूमध्य समुद्राचं लेमन सोडून वेस्ट इंडीजमधलं लाइम घ्यायला सुरुवात केली. कारणं शहाणपणाचीच होती. वेस्ट इंडीजची बेटं ब्रिटिशांच्या ताब्यात होती, म्हणजे दुसऱ्या देशावर अवलंबून राहायला नको. शिवाय लाइम जास्त आंबट. आंबटपणाच काम करत असेल, तर हा माल सरसच. कुठल्याही खरेदी-विभागाने या फाइलवर सही केली असती. मीही केली असती.

फक्त लाइमच्या रसात 'क' जीवनसत्त्व लेमनच्या मानाने बरंच कमी असतं. त्यात तो रस गाळताना, पंपाने तांब्याच्या नळ्यांतून नेताना, हवेत नि उजेडात साठवताना, जे होतं तेही जायचं. बाटलीत उरायचं ते आंबट पाणी. (तुमच्या पोह्यांवरच्या ताज्या लिंबाची काळजी करू नका. ते ताजं आहे, आणि तुम्ही सहा महिने समुद्रावर नाही.)

आता खरा प्रश्न. औषध बदललं, निकामी झालं, आणि कोणाला कळलं कसं नाही?

कारण वाफेची जहाजं आली होती. शिडाच्या जहाजांना लागायचे त्याच्या कितीतरी कमी दिवसांत प्रवास संपायला लागले. बंदरात ताजा भाजीपाला मिळायला लागला. स्कर्व्ही व्हायला दोन-तीन महिने तरी लागतात, तेवढा वेळ आता तिला मिळेना. रस कुचकामी होता, पण त्याची गरजच पडत नव्हती. कागदावर मात्र चित्र असं : रस देतो आहोत, स्कर्व्ही नाही. म्हणजे रस काम करतो आहे.

हे वाचताना मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला होता. माझे सात महिने म्हणजे दुसरं काय होतं? बँकेची यंत्रणा जलद होती, तोवर माझी चूक बरोबर दिसत होती.

*

परीक्षा झाली ती जिथे वाफेचं इंजिन कामाला येत नाही तिथे, ध्रुवाच्या बर्फात.

१८७५मध्ये कॅप्टन जॉर्ज नेअर्सची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली, 'अलर्ट' आणि 'डिस्कव्हरी' या दोन जहाजांवर. सोबत लाइमचा रस भरपूर. १८७६च्या वसंतात घसरगाड्या ओढत तुकड्या बर्फावर गेल्या. एक तर ८३ अंश अक्षांशाच्याही पुढे पोहोचली. पण तुकड्या परतल्या त्या माणसांना घसरगाडीवर लादून. मोहिमेतल्या जवळजवळ निम्म्या माणसांना स्कर्व्ही झाली, काही दगावले, आणि नेअर्सला ठरल्याच्या आधीच परत फिरावं लागलं.

लंडनमध्ये आरडाओरडा झाला. त्याआधी, १८५०च्या दशकातल्या आर्क्टिक मोहिमा लेमनच्या रसावर यापेक्षा बऱ्या राहिल्या होत्या. मग आताच काय झालं? चौकशी समिती बसली. १८७७मध्ये तिचा निष्कर्ष आला : घसरगाड्यांच्या तुकड्यांना रस दिला नाही, म्हणून हे घडलं. दोष नेअर्सचा.

तुम्हाला हा अहवाल ओळखीचा वाटला? मला वाटला. 'मानवी चूक. कॉमेंटकडे दुर्लक्ष.' नेअर्सने तुकड्यांना रस दिला नव्हता, हे खरंच होतं. मी कॉमेंटकडे दुर्लक्ष केलं, हेही खरंच होतं. पण बाटलीत काय आहे, हे समितीने विचारलं नाही. चुकणारा माणूस सापडला की शोध थांबतो. संस्थेच्या मूर्खपणाची ही मला सर्वांत नेहमीची वाट वाटते : खोटं न बोलता, एका खऱ्या गोष्टीपाशी लवकर थांबणं.

पुढे याहून विचित्र घडलं. नियमाप्रमाणे रस पिणाऱ्यांनाही स्कर्व्ही होते हे दिसायला लागल्यावर लोकांचा रसावरचा विश्वासच उडाला. म्हणजे वाईट रसाने चांगल्या रसाचंही नाव घालवलं. जागा रिकामी झाली आणि तिथे नवं, आधुनिक विज्ञान येऊन बसलं. तो जंतूंच्या शोधांचा काळ होता. स्कर्व्ही म्हणजे डबाबंद मांस नासल्यामुळे होणारी विषबाधा, असं मोठमोठे डॉक्टर सांगू लागले. १९०१मध्ये रॉबर्ट स्कॉटची पहिली मोहीम अंटार्क्टिकाला गेली, तेव्हा डॉक्टर डबे उघडून तपासायचे. तरीही स्कर्व्ही झालीच. ताजं सीलचं मांस खाऊन माणसं बरी झाली, कारण ताज्या मांसातही थोडं 'क' जीवनसत्त्व असतं. त्यांना वाटलं, मांस नासलेलं नव्हतं म्हणून. १९१२मध्ये, स्कॉटच्या दुसऱ्या मोहिमेत, त्याचा सहकारी एडवर्ड इव्हान्स स्कर्व्हीने मरता मरता वाचला. लँकेस्टरच्या तीन चमच्यांना तेव्हा ३११ वर्षं झाली होती.

*

इथवर ही गोष्ट दुसऱ्यांची होती. पुढचं पान आपल्याकडे उलटतं.

पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, लढायला गेलेल्या सैन्यात सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या. साताऱ्याकडच्या काही गावांत अजूनही एक दगडी पाटी दिसते, या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, असं सांगणारी. त्यातल्या कित्येकांची वाट या वाळवंटातून गेली.

७ डिसेंबर १९१५ रोजी ही डिव्हिजन टायग्रिस नदीच्या वळणावर कुट या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. त्या दिवसांतली एक गोष्ट पोषणशास्त्रात पुढे वारंवार सांगितली गेली. ब्रिटिश सोल्जर पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते. त्यांना बेरीबेरी झाली. भारतीय शिपाई कोंड्यासकट आटा खात होते. ते बेरीबेरीतून वाचले. पण ब्रिटिशांनी घोड्याचं मांस खाल्लं, म्हणून त्यांना स्कर्व्ही फारशी झाली नाही. भारतीय शिपायांनी वेढा संपत येईपर्यंत ते खायला नकार दिला, आणि त्यांना स्कर्व्हीने गाठलं. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन ताटं नि दोन रोग.

जनरल टाउनशेंडने भारतातल्या धर्मगुरूंकडून घोड्याचं मांस खायला परवानगीही मागवली. ती आली. तरी शिपाई अडून राहिले. आपण खाल्लं हे गावी कळलं तर आपल्याला कोण पंगतीत घेईल, ही भीती त्यांना होती. दोष शिपायांच्या हट्टाला देणं तेव्हाही सोपं होतं. पण शिधा त्यांनी ठरवला नव्हता. आटा, डाळ, तूप हा शिधा कागदावर पोटभर होता. त्यात ताजं काहीच नसेल तर काय होईल, हे ठरवणाऱ्यांना कळायला हवं होतं. मेसोपोटेमियातल्या फौजेला लाइमचा रस पुरवला जात होता. १९१६मध्ये तिथल्या हजारो भारतीय शिपायांना स्कर्व्ही झाली.

आता त्या डाळीकडे बघा. डाळ म्हणजे सोललेलं, दुभंगलेलं कडधान्य. तिला मोड येत नाहीत. अख्खी मटकी किंवा मूग असते तर ती भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून खाता आली असती. आणि मोड येताना कडधान्यात 'क' जीवनसत्त्व तयार होतं. कोरड्या दाण्यात ते जवळपास नसतं. भिजल्यावर दोन-तीन दिवसांत येतं. साताऱ्याच्या शिपायाच्या आईला हे जीवनसत्त्व माहीत नव्हतं, पण उसळ माहीत होती. साम्राज्याच्या शिधापत्रकात मात्र डाळ होती, कारण ती लवकर शिजते.

*

गाठ सुटली ती दोन टोकांनी.

एक टोक प्रयोगाचं. १९०७मध्ये नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रलिक यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाली. हे नशीबच होतं. बहुतेक प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. आपल्यासारखेच गिनीपिग ते करू शकत नाहीत. आता कुठला पदार्थ खरंच काम करतो, हे मोजता येऊ लागलं. महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी बायकांनी हे मोजलं. पुरुष संशोधक युद्धावर गेले होते, प्रयोगशाळा बऱ्याच अंशी यांनीच चालवली. १९१८मध्ये निकाल आला : लाइमचा ताजा रस लेमनच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका प्रभावी, आणि साठवलेला जवळजवळ निरुपयोगी. मोड आलेली कडधान्यं मात्र उपयोगी, हेही त्याच प्रयोगशाळेने दाखवलं.

पण एक कोडं उरलं. लाइम जर निरुपयोगी, तर नेल्सनच्या काळातलं आरमार बरं कसं झालं? इथे दुसरं टोक आलं. ॲलिस हेंडरसन स्मिथ ही त्याच संस्थेतली बाई जुनी दप्तरं उघडून बसली. आरमाराची खरेदी, कंत्राटं, अहवाल. कुठल्या वर्षी कुठून फळं आली, ते तिने शोधून काढलं. आणि एक साधी गोष्ट समोर ठेवली : पूर्वी ज्याला 'लाइमचा रस' म्हणत ते लेमन होतं. शब्द तोच राहिला, फळ बदललं.

एका प्रयोगशाळेने काय खरं ते सांगितलं. आपण ते आधी कसं करत होतो आणि कधी बदललं, हे मात्र दप्तर चाळणाऱ्या बाईने सांगितलं. दोन्ही नसतं तर कोडं सुटलं नसतं. पुढे १९२८मध्ये अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी याने ते द्रव्य वेगळं काढलं आणि १९३२पर्यंत हेच 'क' जीवनसत्त्व आहे हे सिद्ध झालं. आरमाराने रस सुरू केल्याला तेव्हा १३७ वर्षं झाली होती. एवढा काळ संस्था बरोबर होती, मग चूक होती, आणि दोन्ही वेळा तिला कारण माहीत नव्हतं.

*

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. ही म्हण वाटेवरून एकामागून एक चालणाऱ्यांची आहे. मागच्याला पुढच्याची ठेच दिसते, दगड दिसतो, बोटातून आलेलं रक्त दिसतं. संस्थेत असं होत नाही. पुढच्याला ठेच लागते, तो दगडापाशी 'इथून जाऊ नका' अशी पाटी लावतो, आणि नोकरी बदलतो. मागच्याला नुसती पाटी दिसते. काही जण ती जन्मभर पाळतात, तिथला दगड कधीच निघाला असला तरी. माझ्यासारखे काही जण ती उपटून टाकतात, दगड अजून तिथेच असला तरी.

मला आधी वाटायचं, संस्थेत शहाणपण आणि मूर्खपणा हे दोन वेगळे लोक असतात. एक खोलीत आला की दुसरा बाहेर जातो. आता वाटतं, बऱ्याचदा तो एकच माणूस असतो, वेगवेगळ्या वयातला. आरमाराचा मूर्खपणा बाहेरून आला नव्हता. १७९५चं शहाणपणच कारण विसरून म्हातारं झालं होतं. ज्याचं कारण माहीत नाही असा नियम बरोबर असतो तेव्हाही आंधळाच असतो. परिस्थिती बदलली की त्याला कळत नाही.

मी आजीला विचारलं, मटकीला मोड का आणायचे? ती म्हणाली, आमची आई आणायची. म्हणजे कारण तिलाही माहीत नाही. पण आजी आणि ॲडमिरल्टी यांत एक फरक आहे. आजी दुसऱ्या दिवशी फडकं उघडून बघते. मोड आले नसतील तर तिला लगेच कळतं, आणि ती म्हणते, मटकी जुनी दिसते. ॲडमिरल्टीने साठ वर्षं फडकं उघडलं नाही.

ती तीन सेकंदांची ओळ मी परत घातली. वर सात ओळींची कॉमेंट लिहिली : कुठली यंत्रणा, काय होतं, कधी झालं, कोणाला विचारायचं. आणि एक टेस्ट लिहिली, जी समोरची यंत्रणा मुद्दाम मंदावते आणि पैसे दोनदा जातात का ते बघते. कॉमेंटच्या शेवटी लिहिलं आहे : 'बँकेने त्यांच्याकडे सुधारणा केली असेल, तर ही ओळ खुशाल काढा. आधी तपासा.'

तिघांची मंजुरी लागली. पहिल्या दोघांनी दोन मिनिटांत हिरवी खूण दिली. तिसरी मुलगी कंपनीत नवीन होती, रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. तिने खूण दिली नाही. तिने खाली लिहिलं, 'तीनच का? पाच का नाही?'

मला उत्तर माहीत नव्हतं. मी जुन्या माणसाला पुन्हा मेसेज केला.